द्वारका सुतार नावाची चाचणी

"म्हणजे हळू चालण्यातच शहाणपण आहे, असं तुमचं म्हणणं आहे का, सर?"

अत्तारसर चष्मा पुसत होते. पुसत राहिले.

प्रश्न निनाद पतंगेचा होता. पाच वर्षं परदेशात शिकून, तिथली नोकरी नाकारून तो सोलापुरात परत आला होता. कारण इथल्या या लहानशा कार्यालयात एक वेबसाइट चालवली जात होती, आणि तिच्यावरून चौदा डायलिसिस केंद्रांत रुग्णांना मशीनची वेळ मिळत होती. आयुष्यात करण्यासारखं काम हेच, असं त्याला वाटत होतं. अजूनही वाटतं.

वेबसाइटमध्ये काहीही बदललं की आधी नऊशे चाचण्या चालत. संगणकच कधी रुग्ण होई, कधी कारकून होई आणि प्रोग्राम चुकतो का ते बघे. सगळ्या पास झाल्या तर पडद्यावर हिरवी पट्टी. एक जरी नापास झाली तरी लाल. मग केंद्रांकडे काहीच जात नसे.

याला बेचाळीस मिनिटं लागत. निनादने तीन आठवडे खपून त्यांची चार केली होती. सरांनी मान हलवली की आज तीन वाजल्यापासून नवी पद्धत सुरू होणार होती. प्रोग्राम मुळात सरांनी लिहिलेला. त्यांच्या शब्दाशिवाय इथे काही हलत नसे.

"गेल्या महिन्यात एक चूक मी पाच मिनिटांत दुरुस्त केली," निनाद म्हणाला. "ती बेचाळीस मिनिटं इथेच पडून राहिली. तिकडे माणसं रांगेत उभी होती, सर. आणि आपण खाली चहा पीत होतो."

"खरं आहे. चहाही वाईट होता."

निनाद हसला नाही.

"कसं केलंस, सांग."

"एकच संगणक नऊशे चाचण्या ओळीने चालवायचा. आता बारा संगणक वाटून घेतात. प्रत्येक चाचणी नव्याने लॉगिन करायची, ते आता एकदाच होतं."

"हे मला सुचायला हवं होतं... पुढे?"

"पुढे द्वारका सुतार."

सरांनी चष्मा लावला.

एखाद्या चुकीचा फटका ज्याला बसला असेल, त्याचं नाव त्या चाचणीला द्यायचं, अशी या कार्यालयाची रीत होती. दोन कारकुनांनी एकाच क्षणी एकच मशीन दोन रुग्णांना दिलं तर काय होतं, हे 'द्वारका सुतार' बघे. एकदा तसं झालं होतं आणि द्वारका सुतार नावाच्या बाईंना मशीनविना गावी परतावं लागलं होतं. चाचणीत तीच झटापट तीनशे वेळा. एकटी अकरा मिनिटं खाई.

"तिला काय केलंस?"

"तीनशेच्या जागी दहा. आणि ती लहरी आहे, सर. महिना महिना पास होते, मग एखाद्या दिवशी उगाच नापास. म्हणून नापास झाली की संगणक तिला आपोआप पुन्हा चालवतो. तीनदा. एकदा पास झाली की पुरे."

"तीनदा."

"सगळीकडे असंच करतात."

"द्वारकाबाईंना दोनदा बोलावता आलं नसतं," सर म्हणाले. "त्यांच्या गावाची एस.टी. दिवसाला एकच होती."

निनादने खाली पाहिलं. पण हार मानली नाही.

"त्यांच्यासाठीच करतोय मी हे. लवकर दुरुस्ती म्हणजे लवकर मशीन. इथे कुणालाच घाई नाही, याचा मला राग येतो."

"दिसतो."

सर उठले, निनादच्या खुर्चीत बसले आणि त्याच्या संगणकावर प्रोग्राम उघडला. एक कारकून वेळ देत असताना दुसऱ्याला थांबवून धरणारा एक तुकडा त्यात होता. सगळे त्याला कुलूप म्हणत. सात ओळींचं.

सरांनी त्या सातही ओळी पुसून टाकल्या.

"आता चालव तुझ्या चाचण्या."

"कुलूपच नाही, सर. लाल होणार."

"चालव."

दोघं बघत बसले. चार मिनिटं.

पट्टी हिरवी झाली.

तिच्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. द्वारका सुतार: पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. ती वाचायला दोघांनाही पुढे वाकावं लागलं.

निनादचा चेहरा उतरला. तीन वाजायला वीस मिनिटं होती. चौदा केंद्रांतली चौदा कार्यालयं या हिरव्या रंगावर विसंबून बसणार होती.

"मी ते काढतो," तो म्हणाला. "पुन्हा चालवणं काढून टाकतो. तीनशेही परत आणतो. माझं चुकलं."

"हं."

"पण सर..." तो थांबला. मग बोललाच. "हे मी तिकडून नाही आणलं. आलो त्या आठवड्यात तुमची वही वाचली. नव्या माणसाने काय करायचं, ती. त्यात तुमच्या हातचं आहे. द्वारका सुतार लाल आली तर पुन्हा चालवा. तुम्ही हाताने करत होतात, मी ते संगणकाला शिकवलं. एवढंच."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

"हो," सर म्हणाले.

"किती वर्षं?"

"सहा."

"आणि ती का नापास होते, हे कधी...?"

"भीती वाटली." सरांचा आवाज बदलला नाही. "कुलूप मी लिहिलंय. ती खरंच नापास होत असेल, तर तेच कुठेतरी सुटतंय. बाईंना परत पाठवलं, त्यानंतरच्या आठवड्यात. त्यांच्या मुलाला मी स्वतः सांगून आलो होतो की आता पुन्हा असं होणार नाही."

चुकीचं उत्तर देणारे गुरू निनादने तिकडे पाहिले होते. भीती वाटली असं सांगणारा गुरू त्याला नवीन होता.

सरांनी पुसलेल्या सात ओळी परत टाकल्या. एकेक अक्षर तपासून.

"तीन वाजता काय पाठवू?" निनादने विचारलं.

"काही नाही."

"केंद्रं वाट बघतायत."

"बघू देत. बाकी आठशे नव्व्याण्णव बंद कर. हिला एकटीला लाव. पूर्ण तीनशे."

निनादने बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही.

"आणि हिरवी आली तर, सर?"

अत्तारसरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"तर पुन्हा लाव. लाल येईपर्यंत."