भिवरेची हाळी

दोष हैबती वैदाचा. हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. कारण आमच्याकडे गोष्ट संपेपर्यंत दोष कुणाचा होता, हे म्हातारी माणसं अलगद विसरतात.

फार वर्षांपूर्वी, तळेखिंडीला बैलगाडीसुद्धा पोचत नव्हती तेव्हा, हैबतीच्या औषधानं कसलाही खोकला पळायचा. छाती घरघरणारं पोर तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून भाकर मागायचं, असं म्हणतात. पण औषध कशाचं, ते हैबती सांगायचा नाही. "नाव सांगितलं की गुण जातो," म्हणायचा, "आणि सांगणाऱ्याची जीभ झडते." झोळी घेऊन चार-चार दिवस डोंगरात जायचा. गाव म्हणायचं, वैद सात डोंगर ओलांडून मुळी आणतो.

मुळी कसली न् काय! त्याची सून भिवरा रोज औषध वाटलेला पाटा धुवायची. म्हातारा वरच्या पठारावर जांभळीखाली ताणून द्यायचा आणि घरी येऊन आपल्याच कुंपणाची पानं ओरबाडायचा, हे तिला ठाऊक होतं. अडुळसा! गुरं तोंड लावत नाहीत म्हणून सगळ्यांनी बांधावर लावलेला अडुळसा. त्याच्या पांढऱ्या फुलातला गोडवा पोरं चोखायची आणि जीभ कडू करणारं पान थुंकून टाकायची.

एका हिवाळ्यात दरीपलीकडच्या धारवाडीत खोकला शिरला. धारवाडी भिवरेचं माहेर. दरी उतरून पुन्हा चढायची तर अख्खा दिवस मोडे, म्हणून दोन्हीकडची माणसं कड्यावर उभी राहून हाळी देत. एका सकाळी वहिनीची हाळी आली, "भिवराऽऽ, आपल्या चिमीला श्वास पुरंना गंऽऽ!"

भिवरा धावत सासऱ्याकडे गेली. हैबती पान खात बसला होता.

"जत्रेत पहिला नारळ मला दिला नाही त्यांनी," तो म्हणाला. "पाच जणांनी यावं, पागोटी माझ्या पायावर ठेवावीत. मग बघू."

धारवाडीचे म्हातारे काय कमी होते? "त्याच्या पायावर पागोटं? मेलो तरी नाही!" म्हणाले. मेले नाहीतच ते. दोन पोरं मेली. पागोटी मात्र जिथल्या तिथं राहिली.

"मामंजी, औषध द्या, मी घेऊन जाते," भिवरा म्हणाली.

"तू कोण लागून गेलीस गं? पाटा धुणारी तू."

"होय, पाटाच धुते. म्हणून तर ठाऊक आहे."

ती कड्यावर गेली. तिलाही भीती होतीच. लहानपणापासून ऐकलेलं असं एका सकाळीत कुठं जातं? तिनं जीभ एकदा दातांत धरून पाहिली, जणू निरोप घेतला. मग छाती भरून ओरडली, "अडुळसाऽऽ! बांधावरचा अडुळसाऽऽ! पिकली पानं निखाऱ्यावर शेका, रस पिळा, मधातून चाटवाऽऽ!"

असं म्हणतात, दरीनं ती हाळी परत पाठवली नाही, पुढे नेली. तीन दिवस डोंगर तेच नाव एकमेकांना सांगत राहिले. अठरा गावांनी ऐकलं. बांधाबांधावरच्या पांढऱ्या फुलांतून मधमाश्या एकदम उठल्या आणि आजारी पोरांच्या घरांवर जाऊन घोंगावल्या. भिवरेनं जीभ चाचपली. जागेवर होती.

तिसऱ्या दिवशी चिमीनं भाकर मागितली.

हैबतीनं सुनेला दार बंद केलं. "घरबुडवी!" म्हणाला. गावचे चार जाणते ओट्यावर बसून ऐकत होते. ऐकून झालं तसे धोतरं झटकून घरी गेले. त्यांचीही नातवंडं त्या दिवशी अडुळसाच चाटत होती.

भिवरेनं जाता जाता कुंपणाच्या हातभर कांड्या कापून घेतल्या. गावोगाव फिरली. दारात कांडी खोचायची, दोन पेरं मातीत, वरचं बाहेर, आणि नाव मोठ्यानं सांगायचं. चैत्राच्या करपट मातीतसुद्धा तिच्या कांडीला सकाळपर्यंत पालवी फुटे, असं म्हणतात.

पुढच्या थंडीत हैबती स्वतःच खोकायला लागला. कळलं तशी भिवरा वाटी घेऊन आली.

"मामंजी, घ्या."

"नाव उघडं झालं. गुण गेला त्याचा."

"धारवाडीची सतरा पोरं हुंदडतायत. त्यांना विचारा, गेला का ते."

म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिनं वाटी तशीच उशाशी ठेवली.

अजूनही तळेखिंडीत नवी सून आली की आधी कड्यावर जाते. अडुळशाची कांडी खोचते आणि दरीकडं तोंड करून नाव पुकारते. तिचं पुकारून होईपर्यंत सासऱ्यानं उघड्या डोक्यानं, पागोटं काखेत धरून उभं राहायचं असतं. पलीकडून धारवाडी ओ देते. याला भिवरेची हाळी म्हणतात.

हैबतीचं कुंपण तेव्हा पुरुषभर उंच होतं. त्याच्याआड बारा दिवस खोकून तो मेला. वाटी भरलेलीच होती.