वीतभर खाली

काठ्यासुद्धा माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. उंच डोंगरावर देवदाराची एक काठी रोवलेली होती. हिवाळा सरला की गावात पाटाचं पाणी वाटणारी यांगझोम तिला बघायला चढून यायची. पाटाला वितळलेल्या बर्फाचंच पाणी यायचं; म्हणून बर्फ काठीवरच्या लाल खुणेपर्यंत असला तर गाव सगळी शेतं पेरायचं, कमी असला तर अर्धीच.

त्या वर्षी बर्फ खुणेच्या वीतभर खालीच राहिला. धापा टाकत येणाऱ्या यांगझोमचा ओढलेला चेहरा काठीला लांबूनच दिसला. तिला तो बघवेना. ती हळूच वीतभर जमिनीत सरकली. बर्फाला टेकलेली खूण पाहून यांगझोम हसत घरी गेली, आणि गावाने होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं.

जवाची कणसं भरायच्या आधीच पाट आटला. यांगझोम पुन्हा वर आली, तेव्हा काठीने सगळं सांगून टाकलं. म्हणाली, "तुझं रडणं मला बघवलं नसतं गं."

 यांगझोमने काठी वीतभर वर ओढली, बुंध्याशी दगड ठोकून बसवले.

"रडले असते," मग ती म्हणाली, "पण पुढच्या वर्षी पेरायला अर्धं बी तरी उरलं असतं."