नक्षत्रगडचा वैरागी

"...म्हणजे हे वैराग्यच झालं ना, महाराज?"

सोमगीर महाराज शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कशावरनं?"

"कशानं काही होतच नाही मला. कुणी मेलं, डोळ्यांत पाणी नाही. कुणी वाचलं, आनंद नाही. राजवाडा जळाला, जळू दे. मागं एका भागात अख्खा ग्रह फुटला, महाराज. लाखो लोक गेले. मी जांभई दिली."

महाराजांचा हात थांबला.

"अख्खा?"

"अख्खा."

"अरेरे..." महाराज म्हणाले, आणि घरचं कुणी गेल्यासारखी त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

सौमित्रला हसू आलं. एवढा मोठा साधू, आणि खोट्या ग्रहासाठी हळहळतोय! हा तर आपल्यापेक्षा कच्चा निघाला, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

हा सौमित्र बिडकर इचलकरंजीचा. 'नक्षत्रगड' नावाची मालिका मोबाइलवर येते, तिचा तो भक्त. मूळ मालिका एक, तिच्या आधीची गोष्ट सांगणारी दुसरी, नंतरची तिसरी, मग त्यातल्याच एका लंगड्या खलाशाची वेगळी चौथी, असा तिचा मोठा गोतावळा. नवा भाग आला की सौमित्र कॅमेऱ्यापुढे बसून तो बघायचा, आणि बघताना आपला चेहरा कसकसा होतो ते लोकांना दाखवायचा. याला रिॲक्शन म्हणतात. दुसऱ्याला जेवताना बघून पोट भरणारी माणसं असतात, तशी ही बघणाऱ्याला बघणारी माणसं, आणि ती थोडीथोडकी नव्हती.

अडचण एवढीच, की हल्ली चेहऱ्याचं काही होतच नव्हतं.

लोक खाली लिहायला लागले, 'दादा, तुला बघू का भिंतीला बघू?' ते त्यानं हसण्यावारी नेलं. पण परवा वैजूताईचा फोन आला. पहिली मालिका या बहीणभावांनी एकाच मोबाइलवर पाहिली होती, इअरफोनचं एक टोक तिच्या कानात आणि एक याच्या. उशी भिजेपर्यंत रडले होते दोघं. आता ती लग्न होऊन नागपुरात असते, तरी नवा सीझन आला की फोन चालू ठेवून दोघं एकाच वेळी बघायचे. म्हणाली, "सोमू, नवीन सीझन मी एकटीच बघते रे. तुझ्याबरोबर मजा नाही राहिली."

हे मात्र त्याला लागलं. आपल्या आत काहीतरी मेलंय की काय, अशी भीती वाटली. पण भीती वाटते असं कबूल कोण करतो? त्यानं त्या मेलेल्या गोष्टीचं नाव वैराग्य ठेवलं, सकाळची एसटी धरली आणि उमजाईच्या टेकडीवरचा मठ गाठला. महाराजांनी एकदा शिक्का मारला की वाद मिटला.

"दाखव," महाराज म्हणाले.

"काय?"

"ती मालिका. वैराग्य आलंय म्हणतोस. कशावर आलंय ते बघाय नको?"

सौमित्र गडबडला. नव्या सीझनचा पहिला भाग त्याच दिवशी दुपारी यायचा होता. शिक्का मिळाला असता तर तो बघायची वेळच आली नसती, असा त्याचा छुपा बेत होता.

पण तेवढ्यात त्याच्या धंद्याचं डोकं चाललं. भगव्या कफनीतला म्हातारा 'नक्षत्रगड' बघतोय... लोक तुटून पडतील!

"महाराज, बघताना तुमचा व्हिडिओ काढला तर चालेल?"

"काढ की. मी कुठं लाजतोय?"

मठात रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीमागं. दोघं तिथं जाऊन बसले. सौमित्रनं दगडाच्या आधारानं मोबाइल उभा केला, समोर तीन पायांच्या तिकाटणीवर कॅमेरा लावला. महाराजांची शेळी येऊन तिकाटणीचा वास घेऊन गेली. तिला ती खाण्याजोगी वाटली नाही.

"सुरू व्हायच्या आधी जरा गोष्ट सांग," महाराज म्हणाले. "मधनंच बसलो तर मला काय कळंल?"

सौमित्र खुलला. आकाशात तरंगणारा गड, त्याची शिडाची यानं, दोन घराण्यांचं वैर, सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. तमसा नावाची कप्तान, ती नायिका. मागच्या सीझनच्या शेवटी तिचं यान फुटलं.

"मेली?"

"तसं दाखवलंय."

"अरेरे... घरी कोण कोण तिला?"

"आई आहे. धक्क्यावर बसलेली असते. यानं येतात जातात, ती बघत."

"नाव काय आईचं?"

 तमसाच्या यानाचा नंबर सौमित्रला पाठ होता. शिडाचं कापड कुठल्या ग्रहावरचं, तेही पाठ. आईचं नाव...

"आईच म्हणतात तिला सगळे," तो म्हणाला. "छोटं काम आहे तिचं."

"हं."

"पण तुम्ही काळजी करू नका, महाराज. तमसा परत येणारे. याच भागात."

"तुला रं काय ठाऊक?"

"मुडदा दाखवला नाही ना! ज्याचा मुडदा दिसत नाही तो परत येतो. आमच्यात नियमच आहे तो. शिवाय जाहिरातीत एक हातमोजा दिसलाय. डाव्या हाताचा. तिचाच आहे, मी पैजेवर सांगतो."

"म्हंजे आता मला सगळं कळलं."

"सगळं."

"बरं झालं," महाराज म्हणाले, आणि मांडी ठोकून बसले.

भाग सुरू झाला.

पहिल्याच मिनिटाला महाराजांचं तोंड उघडं पडलं. काळ्याभोर आकाशात गड वर येत होता, खिडक्याखिडक्यांतून दिवे. "अगागागा," ते म्हणाले. "काय केलंय रं हे..."

सौमित्रनं पडद्यावर बोट टेकवलं. चित्र थांबलं.

"बिघडलं?"

"नाही, मी थांबवलं. तो कोपऱ्यातला झेंडा बघितलात? तो दुसऱ्या मालिकेत होता. म्हणजे हे लोक आता त्या घराण्याला परत आणणार."

"बरं."

पुन्हा सुरू. पुन्हा थांबलं. दाराआडच्या माणसाची सावली आधी कुठं दिसली होती, ते सौमित्रनं सांगितलं. पुन्हा सुरू. एक म्हातारा सरदार हसला. पुन्हा थांबलं. हा सरदार फितूर निघणार, कारण या मालिकेत जो पहिल्या भागात हसतो तो फितूरच निघतो.

"बरं बरं."

मग वादळ आलं. शिडाचा दोर तुटला आणि डोलकाठीवर चढलेलं एक पोरगं एका हातावर लटकलं. खाली नुसतं आकाश.

बोट टेकलं. चित्र थांबलं.

"आता हे शिड बघा महाराज, याची शिवण..."

"अरं पोरगं लटकलंय!"

"हो, पण ते वाचणारे. लहान पोराला मारत नाहीत. तर ही शिवण..."

महाराज उठले.

"कुठं निघालात?"

"भूक लागली."

पोरगं तसंच लटकत राहिलं, आणि दोघं ओसरीवर आले. महाराजांनी चुलीवरून पिठल्याचं पातेलं उतरवलं, वाफाळती भाकरी ताटात टाकली, वर शेंगांची चटणी, तेलाची धार. सौमित्रनं सकाळपासून एसटी स्टँडवरच्या एका चहावर दिवस काढला होता. वासानंच तो ताटावर वाकला.

त्यानं पहिला घास तोंडात घातला. दुसरा मोडायला हात गेला, तो महाराजांनी मनगट धरलं.

"थांब."

"काय झालं?"

"सांग. कसा हुता घास?"

"चांगला होता."

"फुडचा कसा असंल?"

"तसाच असेल की..."

"बरं. खा."

दुसरा घास गेला. मनगट पुन्हा धरलेलं.

"थांब. ह्यातला लसूण कुठला सांगतो. वरच्या वाफ्यातला. त्याचं बेणं आणलं हुतं मुरगूडच्या बाजारातनं, त्या वर्षी असा पाऊस..."

"महाराज, पिठलं गार होतंय."

"हुईना. तर बाजारात एक म्हातारा..."

तिसरा घास वाटेतच अडला. महाराज आता भाकरीची पीठगिरणी, गिरणीवाला आणि गिरणीवाल्याचा मेहुणा यांच्यापर्यंत पोचले होते. मनगट काही सोडेनात. वाळलेला म्हातारा दिसायला, पण पकड सांडशीची!

"महाराज, जेवू द्या हो मला!"

आवाज समोरच्या टेकडीवर आपटून परत आला. शेळी दोरीला हिसडा देऊन लांब जाऊन उभी राहिली. सौमित्र स्वतःच दचकला. महाराजांवर ओरडलो आपण!

महाराज मात्र खूश दिसत होते.

"वैराग्याला भूक लागते म्हणायची," ते म्हणाले, आणि त्यांनी मनगट सोडलं.

सौमित्र जेवला. बोलला नाही, वर बघितलं नाही, भाकरी कितवी तेही पाहिलं नाही. ताट बोटानं निपटून काढलं, वर तांब्याभर पाणी प्याला आणि खांबाला टेकून त्यानं असा ढेकर दिला की त्याचं त्यालाच हसू आलं. एवढं गोड जेवण आपण शेवटचं कधी जेवलो होतो, हे त्याला आठवेना.

महाराज ताटं उचलून उभे राहिले.

"चल लवकर. ते पोरगं अजून लटकलंय."

दोघं टाकीमागं आले. कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. सौमित्रनं ती बदलली नाही.

भाग पुढं सुरू झाला. पोराच्या हातातून दोर निसटत होता. सवयीनं सौमित्रचं बोट पडद्याकडं निघालं. अर्ध्या वाटेवर थबकलं... मग त्यानं तो हात स्वतःच मांडीखाली दाबून ठेवला.

"धर! धर रं त्याला!" महाराज गुडघ्यांवर उभे राहिले.

लंगड्या खलाशानं उडी घेतली. पोराची कॉलर त्याच्या मुठीत आली. महाराजांनी टाळी वाजवली. आणखी एक टाळी ऐकू आली, ती कुणाची म्हणून सौमित्रनं बघितलं, तर ती त्याचीच होती.

मग काय विचारता! सरदार पुन्हा हसला तशी महाराजांनी त्याला अस्सल कोल्हापुरी शिवी हासडली, मठाच्या माणसाला न शोभणारी. सौमित्रनं तिला जोड दिली. दोघं एकमेकांच्या खांद्यांवर थापा मारत होते, पुढं सरकत होते, आणि सरकता सरकता त्यांची डोकी मोबाइलपुढं एकमेकांना लागली होती.

शेवटी पडद्यावर यानं लागायचा तो धक्का आला.

संध्याकाळ. यानं एकेक करून लागत होती, माणसं उतरत होती, ज्याला त्याला न्यायला कुणी ना कुणी आलेलं. म्हातारी एका पेटीवर बसलेली. दिवे लावणारा माणूस जवळ येऊन म्हणाला, "चला आता, आजचं शेवटचं आलं." ती म्हणाली, "जाते. माणसं उतरू देत."

माणसं उतरली. धक्का रिकामा झाला. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, पेटीवरची घोंगडी झटकली, घडी घालायला लागली.

मागून कुणीतरी घोंगडीचं दुसरं टोक धरलं.

त्या हातात मोजा नव्हता.

म्हातारीनं वर पाहिलं. बराच वेळ नुसतं पाहिलं. मग तिनं काय केलं, तर पुढं होऊन पोरीच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. आणि मग तिला मिठी मारली.

पडदा काळा झाला. नावं वर सरकायला लागली.



सौमित्र रडत होता. हसत होता आणि रडत होता, नाक वाहत होतं, आणि त्याला इतका आनंद झाला होता की उठून टेकडीभर धावावं. मेलं नव्हतं! आतलं काही म्हणता काही मेलं नव्हतं. त्यानं मोबाइल उचलला आणि ताईला एवढंच लिहिलं, 'वैजूताई, पुढचा भाग माझ्याबरोबर बघ. एक शब्द बोलणार नाही.' मग शर्टानं तोंड पुसून महाराजांकडं पाहिलं.

महाराजांची दाढी भिजून गेली होती. लहान पोरासारखे हुंदके देत होते.

सौमित्र चक्रावला.

"महाराज... मला तर सगळं ठाऊक होतं. आणि तुम्हालाही मी आधीच सांगितलं होतं. ती परत येणार, याच भागात येणार. हातमोज्यासकट सांगितलं होतं. मग तरी..."

महाराजांनी कफनीच्या बाहीनं डोळे पुसले.

"मला सांगितलं हुतंस लेका," ते म्हणाले. "त्या म्हातारीला कुठं सांगितलं हुतंस?"