हिलालबाबाचं पागोटं

फार फार वर्षांमागं, खानदेशात कवठाळी गावाला नदीवर एक दगडी बांध होता. बांधाचं पाणी पाटानं शेतात यायचं आणि त्याची राखण पाच पंच करायचे. हिलालबाबा त्यांचा म्होरक्या. चालरीत अशी की ज्या पंचाची चूक निघेल त्याचं पागोटं भर चावडीत उतरवायचं. त्यामुळे दर सोमवारी बैठकीत सगळं ठीकच असायचं. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

त्या श्रावणात डोंगरावर आठ दिवस ढग बसले. पूर येऊन बांध फुटला तर निम्मं गाव वाहून जाणार होतं. हिलालबाबाला मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक होती. लेकीच्या सासरी जेवायला वेळेत पोचायचं म्हणून त्यानं भरली बैलगाडी बांधावरून नेली होती. वरचा दगड हलला, भेग पडली, आणि बाबानं ती चिखलानं लिंपून टाकली. चूक सांगावी तर पागोटं जातं, न सांगावी तर गाव जातं. बाबाला भाकर गोड लागेना.

सोमवारी तो चावडीत आला. बसण्याआधी त्यानं स्वतःच पागोटं उतरवून जमिनीवर ठेवलं.

"भाऊसहोन, बांधले भेग मनामुये पडनी. गाडी मीच लई गऊ."

मग उखर्डू पंच खाली बघत म्हणाला, "मनी पायरी देखी का तुम्ही? तो चिरा बांधनाच शे." बांधाचाच चिरा त्यानं घराच्या पायरीला लावला होता. त्यानंही पागोटं उतरवलं. तिसऱ्यानं बांधाला म्हैस बांधायची खुंटी ठोकली होती. चौथ्यानं ते भोक पाहून तोंड मिटलं होतं. सगळ्यात म्हातारे सोनजीकाका तर म्हणाले, बांधाला चुना वीस वर्षांपूर्वीच कमी पडला होता, मीच बोललो नाही. पाच डोकी उघडी झाली आणि पाचही जणांना हसू आवरेना. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

हसतहसतच ते बांधावर धावले. कुठं काय बिघडलंय हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. मागोमाग अख्खं गाव आलं. उखर्डूच्या बायकोनं पायरीचा चिरा स्वतः उखडून डोक्यावर आणला. असं म्हणतात, पूर वळणापर्यंत आला आणि शेवटचा दगड बसेपर्यंत नदी तिथंच उभी राहिली. खरंखोटं नदीला ठाऊक. बांध मात्र अजून उभा आहे.

कवठाळीत आजही सोमवारची बैठक उघड्या डोक्यानं भरते. आधी म्होरक्या आपली चूक सांगतो, मग बाकीचे, आणि प्रत्येकाला हिलालबाबाच्या नावानं गुळाचा खडा मिळतो. एखादा म्हणालाच, "माझं काहीच चुकलं नाही," तर त्याला कुणी टोकत नाही. फक्त दोघंचौघं हळूच उठतात आणि बांध बघून येतात.