दबणारा तुकडा

फार जुनी गोष्ट. जोडणीच्या खेळण्यांच्या एका पत्र्याच्या डब्यात ‘दबला’ ही सर्वांत मोठी शिवी होती.

डब्यातले तुकडे मिळून जीप बनवत. पण उंबरठा उतरताना पुढच्या चाकांचा आस मोडायचा. दोन आस असेच गेले. आता उरला होता एकटा धाकटा आस, आणि उद्या त्याची पाळी होती.

सभा भरली. सर्वांत लांब पट्टी, म्हणजे पट्टीआजोबा, म्हणाले, “नवा तुकडा शोधू. माझ्यापेक्षाही ताठ.”

“मोडलेल्या दोन्ही दादांनाही ताठच तुकडे लावले होते, आजोबा,” आस म्हणाला. “सगळा हादरा त्यांच्यातच शिरला. मला दबणारा तुकडा हवाय.”

डबा खदखदून हसला. “मग उशीत जाऊन राहा की!” बोल्ट म्हणाला.

कोपऱ्यात जुन्या बॉलपेनातून निसटलेली एक स्प्रिंग पडली होती. तिला कुणी तुकडा मानतच नसे. ती म्हणाली, “मी दबते. पण परत उठते. चालेल?”

“धावेल!” आस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंग आसावर बसली आणि तिच्यावर आजोबा. जीप धाडकन उंबरठा उतरली. स्प्रिंग पार दबली, परत उठली. आस अख्खा राहिला.

संध्याकाळी आजोबांनी ठराव मांडला, “आपल्या ताठपणामुळे जीप वाचली.” तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

आस चिडून स्प्रिंगकडे वळला. “अगं, बोल ना काहीतरी!”

“उद्या पायऱ्या उतरायच्यात,” स्प्रिंग म्हणाली. “आजोबांना सांग, माझ्यावर नीट बसा म्हणावं.”