गिळलेला आवंढा

पूर्वी वेत्रवती नगरीवर राजा भद्रसेन राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्याच एका वैद्यकुळात जन्मले होते. त्यांचे नाव सुनेत्र.

राजकन्येला पाजायला शोणा नावाची दाई होती. शोणाची स्वतःची तान्ही लेक तापाने गेली, त्याच दिवशी राजाची आज्ञा आली, "दाईने रडू नये, दूध नासते." शोणाने आवंढा गिळला आणि राजकन्येला पदराखाली घेतले. महिन्याभरात तिच्या घशाखाली घास उतरेनासा झाला. दूध आटले. मांत्रिक म्हणाला, "हिला पिशाच्चाने धरले आहे. वेशीबाहेर घालवा."

राजाने सुनेत्रांना बोलावले. "तीन दिवसांत हिला बरी करा, राजवैद्याचे पद तुमचे. नाहीतर मांत्रिक म्हणतो तसे करू."

सुनेत्रांनी नाडी पाहून ज्येष्ठमधाचा काढा दिला. तो ओठांवाटे बाहेर आला. दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या हाताने आले आणि नुसतेच जवळ बसले. आता हेही झाडफूक करणार, म्हणून शोणाने अंग चोरले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "बाई, लेकीचे नाव काय ठेवले होते?"

हे तिला कोणीच विचारले नव्हते.

"कुवली," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. कुवलीचे दाट जावळ, झोपेतले हसू, शेवटचा ताप, सगळे ती सांगत राहिली. ऐकता ऐकता सुनेत्रांचेही डोळे भरले. मग ते तिला नदीवर घेऊन गेले. तिने लेकीच्या नावाने ओंजळभर पाणी सोडले. परत आल्यावर तिने वाटीभर पेज मागून घेतली.

राजा हरखला. "कोणते औषध दिलेत?"

ज्येष्ठमध म्हटले असते, तर पद हातात होते. सुनेत्र म्हणाले, "महाराज, रोग आपल्या आज्ञेत होता. तेवढी मागे घ्या. मला दुसरे काही नको."

राजाचा चेहरा लाल झाला. पण शेजारी बसलेली राणी उठली, दाईच्या खोलीत गेली आणि शोणाशेजारी जमिनीवर बसली. "मलाही सांग ना तुझ्या कुवलीचे."

दोघींना बोलताना आणि रडताना पाहून राजा दारातच थबकला. आज्ञा त्याच दिवशी रद्द झाली.

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची शोणा म्हणजे आज आजाऱ्यांच्या उशाशी बसणारी भिक्षुणी सुव्रता. राणी म्हणजे उपासिका मालिनी, राजा म्हणजे तिचा पती. वैद्य सुनेत्र मीच होतो. दुसऱ्याचे दुःख ऐकताना जो घाई करीत नाही, त्याच्याच ठायी करुणा पूर्ण होते."