आत निजलेली फुलं

झाडांचं बोलणं माणसांना कळायचं, तेव्हाची गोष्ट. शेवंताबाईंची संत्र्यांची बाग होती. थंडी पडली, की त्या झाडांचं पाणी तोडायच्या. धाकट्या झाडाची ही पहिलीच वेळ. ते रुसलं.

"बाई माझ्यावर रागावल्या," ते शेजारच्या म्हाताऱ्या झाडाला म्हणालं.

"रागावतील कशाला? जरा निवांत बस, एवढंच म्हणताहेत."

पण धाकट्याला निवांत बसवेना. त्यानं बांधावरच्या खेकड्याला गळ घातली. खेकड्यानं पलीकडच्या गव्हाच्या पाटाला भोक पाडलं आणि पाणी झिरपत धाकट्याच्या मुळाशी आलं. बाकीची झाडं पानं गाळून गप्प उभी होती. धाकटं मात्र कोवळी पालवी मिरवत होतं.

थंडी सरली. बाईंनी पाणी सोडलं आणि पंधरा दिवसांत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी घमघमली. धाकट्यावर मात्र नुसती पानं. लाजेनं त्याची मान खाली गेली.

बाईंना भोक दिसलं. त्यांनी ते चिखलानं लिंपलं आणि धाकट्याच्या खोडावरून हात फिरवला. "सगळी निजली आणि तू एकटाच जागलास होय रे बाळा? दमला असशील."

पुढच्या थंडीत बाईंनी पाणी तोडलं, तेव्हा धाकट्यानं स्वतःच पानं सोडून दिली. आत सगळं शांत शांत होत गेलं. इतकं, की मुळांखालच्या मातीचा श्वाससुद्धा त्याला ऐकू येऊ लागला.

एका सकाळी खेकडा आला. "काय रे, पाडू का भोक?"

"हळू बोल," धाकटं कुजबुजलं. "आत फुलं निजलीत."